कोरड्या ऋतूतली सफर : दाभोळहून निघालेले एक जहाज

१/९
आफ्रिकेच्या सफारीचा बेत आखणारा आधी ऋतू पाहतो. केनिया-टांझानियात जून ते ऑक्टोबर हा मोठा कोरडा काळ. गवत वाळते, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यापाशी प्राणी गोळा होतात. साडेपाचशे वर्षांपूर्वी दाभोळच्या बंदरातही प्रवासाचा बेत कोरड्या ऋतूवरच बांधला जाई. मात्र तो ऋतू आफ्रिकेचा नव्हे, कोकणचा होता.

२/९
'सफारी' हा स्वाहिली शब्द. अर्थ प्रवास, मूळ अरबी 'सफर'. आपली 'सफर' फारसीमार्गे त्याच मुळापासून आली. 'मोसम'चे मूळही अरबीच. सफर आणि मोसम या दोन शब्दांचे नाते अरबी समुद्रावरच्या खलाशांना रोजच्या व्यवहारातून ठाऊक होते.

३/९
दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी वसले आहे. जून ते ऑगस्ट नैऋत्येचे वारे समुद्र खवळवतात, आणि त्या काळात शिडाची जहाजे बाहेर काढणे म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळा सरला की वारे पालटतात आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहतात. दूरच्या प्रवासाचा काळ तो हाच. म्हणजे आजचा पर्यटक ज्या महिन्यांत आफ्रिकेला निघतो, त्यांतल्या पहिल्या तीन महिन्यांत दाभोळची जहाजे नांगर टाकून असत.

४/९
या बंदरातून आफ्रिकेला पोहोचलेल्या एका प्रवाशाची हकीकत त्याच्याच शब्दांत उरली आहे. अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी. विकण्यासाठी एक घोडा घेऊन तो चौलला उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला, बहमनी राजधानी बीदर पाहिली आणि परतीसाठी दाभोळ गाठले. दाभोळ हे फार मोठे नगर असून भारताच्या आणि हबशाच्या, म्हणजे इथिओपियाच्या, साऱ्या किनाऱ्यावरचे लोक तेथे एकत्र येतात, अशी त्याची नोंद आहे.

५/९
त्याचा बेत आफ्रिकेचा नव्हताच. त्याला होर्मुझला जायचे होते. माणशी दोन सोन्याची नाणी भाडे ठरवून तो ईस्टरच्या सुमारे तीन महिने आधी, ऐन कोरड्या ऋतूत, जहाजावर चढला. हे साल बहुधा १४७२. काही अभ्यासक ते दोन वर्षे पुढे नेतात. ऋतू योग्य होता, बंदर योग्य होते, भाडेही चुकते झाले होते. तरीही महिनाभर जमीन दिसली नाही. दिसली तेव्हा ते हबशाचे डोंगर होते, आणि आपले मरण इथेच लिहिलेले आहे असे वाटून जहाजावर एकच आकांत झाला.

६/९
नकाशा उघडला की हा अपघात समजतो. दाभोळहून होर्मुझ वायव्येस आहे, तर आफ्रिकेचे शिंग पश्चिम-नैऋत्येस, सरळ रेषेत सुमारे अडीच हजार किलोमीटरवर. ईशान्येचा वारा आफ्रिकेकडे जाणाऱ्या जहाजाला पाठीमागून रेटतो. होर्मुझकडे जाणाऱ्याला मात्र तोच वारा आडवा येतो आणि जहाज ढळले तर आफ्रिकेकडेच ढळते.

७/९
त्या किनाऱ्यावर जहाज पाच दिवस होते. प्रवाशांनी तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटल्या, आणि जहाज लुटले गेले नाही. पुढे बारा दिवसांत मस्कत, मग होर्मुझ. निकितिन मायदेशी परतत होता, पण त्वेर गाठण्यापूर्वीच वारला. त्याची वही १४७५ साली मॉस्कोला पोहोचली.

८/९
याच समुद्रावर आणखी एका प्रकारचे प्रवासी होते. बेत त्यांचा नसे आणि परतीचा ऋतूही त्यांच्यासाठी नसे. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर (मृत्यू १६२६) गुलाम म्हणून अनेकदा विकला जाऊन दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याचे नाव इतिहासात राहिले. त्याच्यासारख्या बहुतेकांनी मात्र एकही वही मागे ठेवली नाही. म्हणून निकितिनच्या पाच दिवसांवरून 'दाभोळ आणि आफ्रिका' हा विषय पूर्ण झाला असे समजू नये. आपल्याकडे जहाजभाडे देणाऱ्याची बाजू आहे. ज्याला विकून जहाजावर चढवले, त्याची नाही.

९/९
आज वाशिष्ठी ओलांडायला दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे. हिवाळ्यात गेलात तर बोटीवरून पश्चिमेला, नदीच्या मुखाकडे जरूर पाहा. शिडाच्या काळात इथून निघण्याचा दिवस माणूस ठरवी, पण कोणत्या किनाऱ्याला लागायचे हे पुष्कळदा वारा ठरवी. अशा वेळी जहाजावरचा तांदूळ आणि मिरी हा केवळ माल राहत नसे. निकितिनच्या जहाजाला त्या पाच दिवसांत त्यानेच तारले.