दादांचं नाव आणि गार पाणी

येत्या चैत्रात दादांना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्ध होईलच, पण "त्यांच्या नावानं काय करायचं?" हा प्रश्न लिंबागणेशच्या घरी दिवाळीपासून चालू आहे. तात्यांना शेतात अर्धपुतळा बसवायचाय. ताईला शाळेत वह्या वाटायच्यात. आई काहीच बोलत नाही. फोनवर दोनदा आवाज चढले, त्यात एकदा माझाही. म्हटलं, पुन्हा भांडण्याआधी जरा मागं वळून बघू. आपल्या मुलखात लोकांनी गेलेल्या माणसाची आठवण ठेवली तरी कशी?

तात्यांच्या पुतळ्यापासूनच सुरुवात करू. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांनी सुमारे 2000 वर्षांपूर्वी आपल्या घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती लेण्यात कोरल्या. राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख तिथलाच. आज त्या मूर्तींची जेमतेम पावलं उरली आहेत. वर ब्राह्मीत नावं आहेत म्हणून कोण कुठे उभं होतं ते कळतं. त्याच घाटात खडकात खोदलेली पाण्याची टाकी मात्र अजून आहेत.

त्याच घराण्यातली दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी नाशिकच्या पांडवलेण्यांतलं 3 नंबरचं लेणं बौद्ध भिक्षूंना राहायला दिलं. तिथल्या लेखात मुलाचे पराक्रम आहेत, जिंकलेल्या प्रदेशांची मोठी यादी आहे. आणि त्या सगळ्यात, हा आईची सेवा कधी न चुकवणारा होता, हेही आहे. राजाची आई झाली तरी आईच ती! मुलाची आठवण तिनं दुसऱ्यांच्या निवाऱ्यात ठेवली.

राजांचं झालं. साध्या माणसांचं काय? मराठवाड्यात कितीतरी गावांच्या वेशीवर, पारावर वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई, कधी गुरं राखताना पडलेला गडी, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. बहुतेकांवर नाव नाही. गावानं शेंदूर लावून कित्येकांचे देव करून टाकलेत. माणूस विसरला गेला, नारळ मात्र अजून फुटतो.

अहिल्याबाई होळकर मूळच्या चौंडीच्या, म्हणजे आमच्याकडून फार लांब नाही. 1754 मध्ये पती खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव, 1767 मध्ये मुलगा मालेराव. मल्हाररावांची छत्री आलमपूरला आहे, पण आपल्यापैकी किती जणांनी पाहिलीय? बाईंनी बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा मात्र देशभर आहेत. परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धारही त्यांचाच. हे सगळं दुःखातून केलं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. इतकंच म्हणेन, की दुःखानं त्यांचे हात थांबले नाहीत.

आणि अगदी शेजारचं उदाहरण म्हणजे मांजरसुंब्याजवळचं कपिलधार. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला दिंड्या पायी येतात, आणि घरोघरी 'परमरहस्य' वाचलं जातं. तिथे आठवण दगडापेक्षा पायांत आणि आवाजात जास्त आहे.

असो. हे सगळं लिहिताना दादांचीच एक गोष्ट आठवली.

1972 च्या दुष्काळात दादा खडी फोडायला जायचे. तेव्हा पोरसवदाच होते. वाटेत लिंबाखाली कुणाच्या तरी स्मरणार्थ पाणपोई होती. ओल्या पोत्यात गुंडाळलेले दोन रांजण आणि एक पितळी ओगराळं. दादा हे इतक्यांदा सांगायचे की आम्ही कंटाळायचो. एकदा मी विचारलं, "कुणाच्या नावाची होती हो?" दादा म्हणाले, "पाटी होती की. पण मला कुठं वाचता येत होतं तवा? पाणी लई गार होतं बघ."

परवा फोनवर तात्यांना हेच सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "अरं, पर नाव नको का ऱ्हायला त्याचं?" मला उत्तर सुचलं नाही. कारण त्यांचंही खरंच आहे. नाणेघाटात नावं नसती तर ती पावलं कुणाची ते आज कळलं नसतं. भावाचं नाव राहावं असं वाटणं हा काही मोठेपणाचा सोस नव्हे.

मग आईच बोलली. "पाडव्याला रांजण मांडा. रोज भरायचं कोण, ते आधी ठरवा."

खरा प्रश्न तोच होता आणि आम्ही कुणीच तो विचारला नव्हता. पुतळा एकदा बसवला की झालं, रांजण रोज भरावा लागतो. सध्या ठरलंय ते असं: तात्या सकाळी भरणार, पुतण्या संध्याकाळी, आणि उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून आलो की आमची पाळी. टँकर लागला तर खर्च माझ्याकडे. ताईच्या वह्या जूनमध्ये.

पाटी लागेल, तात्यांच्या समाधानासाठी. अर्थात माझ्याही. छोटीशी. ज्याला वाचता येईल तो वाचेल.