छोटी मोटार, तिची स्प्रिंग आणि आपली सवय



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस मोटारीच्या सस्पेन्शनवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. एका परिचितांनी तर फोन करून विचारलं, 'सर, निर्णय स्थगित ठेवण्याबद्दल ग्रीक संशयवादी बोलतात, ते सस्पेन्शन ना?' म्हटलं, नाही हो, चाकाच्या वर असतं ते.

कारण सांगतो. सतरा वर्षांपूर्वी, गणपतीच्या सुमारास, आम्ही दोघं कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाट, बारीक पाऊस, वेग चाळीसच्या आत. एका वळणावर खड्ड्यांची माळ लागली. गाडी उडाली, खाली आली, पुन्हा उडाली. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळलीच नाही, सरळ गेली. नशीब एवढंच की सरळ म्हणजे डोंगराच्या बाजूला, गटारात. मला खरचटलंही नाही. पत्नीचं उजवं मनगट मोडलं.

खालच्या गावातल्या मिस्त्रीनं गाडी बाहेर काढल्यावर बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडून दिला. गाडी पाळण्यासारखी तीन-चार वेळा खालीवर झाली. तो म्हणाला, 'सर, शॉकअप कधीच गेलेत. तुम्हाला जाणवलं नाही?' तीस वर्षं मी वर्गात ज्ञानमीमांसा शिकवत होतो. माणसाला काय जाणवतं, कसं जाणवतं, हाच माझा विषय. आणि खरं उत्तर होतं, 'नाही जाणवलं.' का नाही जाणवलं, हे शोधता शोधता मी या यंत्राच्या इतिहासात शिरलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

सुरुवात शब्दापासून करू. सस्पेन्शन म्हणजे टांगणं. युरोपातल्या जुन्या घोडागाड्यांमध्ये बसायची पेटी खरोखरच कातडी पट्ट्यांनी टांगलेली असे. आपल्या बैलगाडीला तेही नव्हतं. खाली कडबा पसरायचा, वर घोंगडी टाकायची, हेच आपलं सस्पेन्शन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये घोडागाडीखाली पोलादी पट्ट्यांच्या कमानी आल्या. आपले मिस्त्री ज्यांना 'पाटे' म्हणतात, ते हेच. पुढे मोटार आली ती हे पाटे घेऊनच आली.

स्प्रिंगचा नियम त्याच्याही आधीचा आहे. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञानं १६७६ मध्ये तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. जेवढा जोर, तेवढा ताण. दुप्पट वजन ठेवलं तर स्प्रिंग दुप्पट दबते. आपल्याकडे वैशेषिकांनी याच गुणाचा वेगळ्या अंगानं विचार केला होता. ते 'संस्कार' नावाचा एक गुण मानतात आणि त्याचे तीन प्रकार सांगतात. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे अनुभवाचा मनावर राहिलेला ठसा, ज्यातून स्मरण होतं. स्थितिस्थापक म्हणजे बदललेल्या वस्तूला पूर्वीच्या अवस्थेत आणणारा गुण. 'तर्कसंग्रहा'त त्याला उदाहरण दिलंय चटईचं. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडली की पुन्हा गुंडाळते, तसं. शाळेत आपण स्थितिस्थापकत्व हा शब्द शिकलो, तो इथला. मला यात मौज वाटते ती अशी की, स्मरण आणि स्प्रिंग हे दोन्ही त्यांनी एकाच खात्यात टाकले. स्प्रिंगला आपली मूळ जागा आठवते.

पण नुसती आठवण असून भागत नाही. खड्डा मागे गेला तरी स्प्रिंग हलतच राहते. खड्ड्यानं दिलेली शक्ती ती साठवते आणि परत करते, साठवते आणि परत करते. ती शक्ती कुठेतरी जिरवायला हवी. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत, त्यात थोडी जिरायची. वेग वाढला तसं ते पुरेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्र्युफो यानं घर्षणावर चालणारा डॅम्पर केला. अमेरिकेत हार्टफर्डनं तो धंद्यात आणला. मग तेलाचे डॅम्पर आले. नळीत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं, तेल त्यातून रेटलं जातं, तापतं, आणि हालचाल उष्णता होऊन हवेत जाते. यालाच आपण शॉकअब्सॉर्बर म्हणतो, गॅरेजमध्ये 'शॉकअप'. नाव फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअप तिला शांत करतो. आणि तिला शांत करायचं ते आपल्या पाठीसाठी नंतर, आधी चाकासाठी. चाक रस्त्याला टेकलेलं असेल तरच ब्रेक लागतो, तरच गाडी वळते. आंबा घाटात माझं चाक नेमक्या त्या क्षणी रस्त्याला धड टेकलेलं नव्हतं.

आता छोट्या गाडीकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, मोठ्या गाडीचं सस्पेन्शन अवघड आणि छोटीचं सोपं. हिशोब करून बघा. अठराशे किलोच्या गाडीत पाच माणसं बसली, म्हणजे सव्वातीनशे किलो भर पडली. वजन पाचव्या हिश्शाहून कमीच वाढलं. तीच पाच माणसं साडेसहाशे किलोच्या गाडीत बसली की वजन एकदम दीडपट होतं. म्हणजे एकट्या माणसाला मऊ वाटेल अशी स्प्रिंग घातली, तर सगळं कुटुंब बसल्यावर गाडी टेकते. कुटुंबाला पेलेल अशी घातली, तर एकट्याची हाडं खिळखिळी होतात. शिवाय किंमत कमी ठेवायची आणि जागाही नाही. छोट्या गाडीच्या सस्पेन्शनचा इतिहास म्हणजे या कोंडीतून काढलेल्या वाटांचा इतिहास आहे.

पहिली वाट फ्रान्समधली. १९३०च्या दशकात सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी शेतकऱ्यांसाठी गाडी करायला सांगितली. दोन माणसं आणि पन्नास किलो बटाटे न्यायचे. नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेली तर फुटता कामा नयेत, अशीही अट होती असं सांगतात. युद्धामुळे काम लांबलं. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांपुढे आली, तीच 'टूसीव्ही'. वजन पाचशे किलोच्या आसपास. तिच्यात प्रत्येक चाक एका लांब दांड्याच्या टोकाला होतं. एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक, गाडीखाली आडव्या ठेवलेल्या स्प्रिंगच्या नळकांड्यातून एकमेकांशी जोडलेलं होतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की मागच्याला त्याची वर्दी मिळायची आणि गाडी नाक वर न करता सपाट राहायची. पत्रकारांनी तिच्या रूपाची थट्टा केली, पण शेतकऱ्यांनी तिच्यासाठी रांगा लावल्या.

दुसरी वाट इंग्लंडची. १९५९ साली अलेक इसिगोनिस यांची 'मिनी' आली. दहा इंची चाकं, स्प्रिंगला जागाच नाही. मग अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचा शंकू वापरला. रबराचा गुण असा की, दाबत जावं तसं ते अधिकाधिक कडक होतं. एकटा माणूस असला तर त्यातल्या त्यात मऊ, चौघे बसले तर घट्ट. दीडपट वजनाच्या कोड्याला पदार्थानंच उत्तर दिलं.

पण जग जिंकलं ते तिसऱ्या वाटेनं, आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाडीत आज तीच आहे. अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकन अभियंते. दुसऱ्या महायुद्धानंतर शेवरलेट 'कॅडेट' नावाची हजार डॉलरच्या आतली छोटी गाडी करत होती, त्या कामाचे ते प्रमुख होते. १९४७ मध्ये कंपनीनं ते काम थांबवलं. मॅकफर्सन फोर्डकडे गेले आणि त्यांची कल्पना १९५० साली इंग्लंडमधल्या फोर्ड 'कन्सल' आणि 'झेफिर' या गाड्यांत दिसली. तोवर चांगल्या गाडीत पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन दांडे, मध्ये स्प्रिंग आणि शॉकअप वेगळा, अशी रचना असे. मॅकफर्सननी वरचा दांडा काढूनच टाकला. शॉकअपची नळी जाड, उंच केली, तिच्याभोवती स्प्रिंग बसवली, वरचं टोक गाडीच्या अंगाला बोल्टनं जोडलं, खाली एक दांडा ठेवला. हा झाला मॅकफर्सन स्ट्रट. भाग कमी, खर्च कमी, आणि मधली जागा मोकळी. पुढे इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवणाऱ्या छोट्या गाड्या आल्या, त्यांना ही मोकळी जागा म्हणजे वरदानच ठरली.

आपल्याकडे हे स्थित्यंतर माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीला पुढे दोन दांडे आणि स्प्रिंग, मागे पाटे. तिच्या सांध्यांना ग्रीसची निपलं होती. ठरावीक दिवसांनी गाडी ग्रीसिंगला न्यावीच लागे. नाही नेली तर ती कुरकुर करून आठवण करून द्यायची. पाट्यांचा आवाज तर गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. नव्या छोट्या गाड्यांत निपलं गेली, सांधे बंदिस्त झाले, लोखंडाच्या जागी रबरी बुश आले. आपण म्हणालो, वा, आता देखभाल नको!

माझ्या मते चूक इथे झाली. देखभाल गेली नव्हती, गाडीनं ती मागणं बंद केलं होतं. आणि जबाबदारी तर वाढली होती. जुन्या रचनेत शॉकअप हा एक जोडभाग होता. स्ट्रटमध्ये तोच खांब आहे. चाक उभं धरणं, स्टिअरिंगबरोबर फिरणं, स्प्रिंगला शांत करणं, ही तिन्ही कामं तो एकटा करतो. तो एका दिवसात मरत नाही. सील झिजतं, तेल थेंबाथेंबानं जातं, आणि ड्रायव्हरचं अंग रोज तेवढंच सावरून घेतं. आपण वळणावर नकळत वेग कमी करतो, स्टिअरिंग थोडं जास्त धरतो. वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर गाडीतला स्थितिस्थापक बिघडत जातो, आणि आपल्यातली भावना, म्हणजे तो ठसा, त्या बिघाडालाच 'नेहमीचं' समजू लागते. म्हणून मला जाणवलं नाही. गाडी चालवणाराच या बाबतीत सगळ्यात वाईट साक्षीदार असतो.

मग करायचं काय? इतिहासानं शिकवलेलं चार गोष्टींत सांगतो. एक, गाडी मागत नाही म्हणून तारीख आपण ठरवायची. मी दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून घेतो. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ, फाटलेलं रबरी आवरण, चिरलेले बुश, सैल बॉल जॉइंट बघायला सांगतो. बॉनेट दाबून सोडायची मिस्त्रीची युक्ती चांगली आहे, एकदा वर येऊन गाडी थांबली पाहिजे. पण अर्धवट झिजलेला शॉकअप त्या परीक्षेत पास होतो, हे लक्षात ठेवा. टायरवरून तळहात फिरवा. जागोजागी चढउतार लागले तर चाक रस्त्यावर नाचत होतं असं समजा.

दोन, शॉकअप एकाच बाजूचा बदलू नका. पुढचे दोन किंवा मागचे दोन, जोडीनं बदला. आणि स्ट्रट उघडला की चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. तीन, घरी स्ट्रट खोलायला जाऊ नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी होईल एवढी शक्ती असते. ती आवळून धरायचं साधन लागतं आणि सवयीचा हात लागतो. मिस्त्रीलाही एक विनंती करा, रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चार, गाडी बसते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे घालून देतात, ते टाळा. कोंडी दीडपट वजनाची आहे. ठोकळ्यानं ती सुटत नाही, धक्का दुसऱ्या भागावर जातो.

आणि पाचवी, जी कुठल्या पुस्तकात मला मिळाली नाही. वर्षातून एकदा गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या. गेल्या मे महिन्यात पुतण्या आला होता. चौकापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, 'काका, पुढून उजवीकडून टक टक येतंय.' मी शेजारीच बसलो होतो, मला काही ऐकू आलं नव्हतं. मागच्या सीटवरून माझी पत्नी म्हणाली, 'मला दिवाळीपासून येतंय ऐकू. विचारलंय कोणी?' लिंक रॉड सैल झाला होता. दुसऱ्या दिवशी बदलला.

तिचं मनगट अजून पावसाळ्यात दुखतं. आता गाडीबद्दल मी तिला विचारतो.