रबरात लपलेलं स्टिअरिंग: जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या बुशची गोष्ट

आजच्या भागाचा हिरो इंजिन नाही, टर्बो नाही. मुठीत मावेल एवढा रबराचा तुकडा आहे: सस्पेन्शनचा बुश. गॅरेजमध्ये "साहेब, बुश गेलेत" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. पण काही स्पोर्ट्स कारमध्ये बुश जातो तेव्हा त्यासोबत इंजिनिअरची एक अख्खी आयडिया जाते. कशी, ते बघूया.

आधी थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या गाड्यांत पाट्यांच्या टोकांना धातूचे बुश आणि पिन असायच्या. त्यांना सतत ग्रीस लागायचं. नाही दिलं की करकर, आणि मग झीज. 1920 च्या दशकात रबर धातूला पक्कं चिकटवायचं तंत्र पुढे आलं. अमेरिकेत ईरी शहरातले पेटंट वकील ह्यू लॉर्ड यांनी 1924 मध्ये त्यावर कंपनीच उभी केली. अशा बुशमध्ये काहीच घसरत नाही. आतली नळी फिरते, रबर पिळलं जातं आणि परत जागेवर येतं. ग्रीसची गरज संपली, आवाजही कमी झाला.

पण रबर दबतं. आणि दबलं की चाकाची दिशा किंचित बदलते. तुम्ही वळणात आहात आणि घाबरून अचानक अॅक्सिलरेटर सोडला. वजन पुढे गेलं, मागचं चाक मागे ओढलं गेलं, बुश दबला. जुन्या पद्धतीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये अशा वेळी बाहेरच्या बाजूचं चाक बाहेर तोंड करतं. याला म्हणतात टो-आउट. परिणाम? गाडीची शेपूट सुटते.

पोर्शेच्या वायझाख इथल्या इंजिनिअर्सनी हा प्रॉब्लेम उलटा करून वापरला. 1977 मध्ये आलेल्या 928 मध्ये त्यांनी मागच्या आर्मच्या पुढच्या टोकाला छोटी झुलती लिंक दिली. आता चाक मागे ओढलं गेलं की ते उलट आत वळायचं, म्हणजे टो-इन. गाडी स्वतःच सावरायची. सेन्सर नाही, कोड नाही! हीच ती प्रसिद्ध 'वायझाख अॅक्सल'. 928 ला 1978 ची युरोपियन कार ऑफ द इयर मिळाली.

माझ्या मते याहून धाडसी प्रयोग माझदाने केला. 1985 ची दुसऱ्या पिढीची आरएक्स-7, म्हणजे फॅन्सची 'एफसी'. त्याच वर्षी निस्सानने स्कायलाइनमध्ये हायड्रॉलिकवर मागची चाकं वळवली. 1987 मध्ये होंडाने प्रेल्यूडमध्ये तेच गिअर आणि शाफ्ट लावून केलं. माझदाने मात्र हे काम रबरावर सोपवलं. मागच्या हबला कमी-जास्त कडक बुश असे दिले, की हलक्या वळणात चाक थोडं टो-आउट होईल आणि गाडी पटकन वळेल. जोर वाढला की टो-इन होईल आणि गाडी स्थिर राहील. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे सरळ if-else वाटतं. फक्त लिहिलंय रबरात.

आता अडचण कळली ना? रबर म्हातारं होतं. ऊन, तेल, वर्षं. ते चिरतं, धातूपासून सुटतं. मग if कुठे आणि else कुठे याचा पत्ता राहत नाही. वळणात गाडी मागून एक सेकंद उशिरा विचार करतेय असं वाटतं.

मग मालकासमोर तीन रस्ते. एक, कंपनीसारखेच रबरी बुश. दोन, पॉलियुरेथेन: टिकाऊ आणि कडक, पण बऱ्याचदा ते पिळले न जाता घसरतात, म्हणून ग्रीस हवं, नाहीतर करकर. म्हणजे आपण परत 1920 च्या आधी! तीन, एफसीवाल्यांचा लाडका 'एलिमिनेटर' बुश, जो ही टो बदलण्याची सिस्टिमच बंद करतो. ट्रॅकवर अंदाज पक्का येतो, म्हणून रेसिंगवाले तो लावतात, आणि त्यांचं चूक नाही.

रबरी बुश टाकणार असाल तर एक गोष्ट पाठ करा. प्रेसने बुश बसवा, पण बोल्ट शेवटचा टाईट करताना गाडीचं वजन चाकांवर हवं. जॅकवर, आर्म लटकत असताना टाईट केला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट मस्ट.

माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीत रबरच ठेवा. जुन्या वाड्याचं लाकूड बदलता येतं, पण जिना काढून टाकला तर तो वाडा राहत नाही. एलिमिनेटर लावलेली एफसी छान चालते, पण 1985 च्या माझदाला काय म्हणायचं होतं, ते ती आता सांगू शकत नाही. आणि ते ऐकायचं तर म्युझियममध्ये काचेतून बघून चालत नाही, वळणच घ्यावं लागतं.

तुम्ही कोणता रस्ता घ्याल? कमेंटमध्ये भांडूया. भेटू पुढच्या भागात!