नॅनोकणांद्वारे साठा-खडकाच्या आर्द्रणीयतेतील बदल

खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या भूमिगत साठ्यातील खडकाचा पृष्ठभाग पाण्याने अधिक भिजतो की तेलाने, या गुणधर्माला त्या खडकाची आर्द्रणीयता म्हणतात. अतिसूक्ष्म कण मिसळलेले पाणी साठ्यात सोडून हा गुणधर्म बदलणे आणि खडकाला चिकटून राहिलेले तेल सुटे करणे, ही तेलाचे उत्पादन वाढवण्याची एक पद्धत आहे. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात; १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. या पद्धतीवरील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेत झालेले आहे.

भूमिगत साठा म्हणजे तेलाचे तळे नव्हे. तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, स्पंजात पाणी असावे तसे असते. सुरुवातीला ते साठ्यातील नैसर्गिक दाबाने वर येते. दाब ओसरला की पाणी आत सोडून ते ढकलावे लागते. एवढे करूनही जगातील बहुसंख्य क्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते. आपल्या गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या भारताच्या दृष्टीने या मागे राहणाऱ्या तेलाचे मोल मोठे आहे.

स्पर्शकोन

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होऊन घरंगळतो. स्वच्छ काचेवर तोच थेंब पसरतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी करते त्या कोनास स्पर्शकोन म्हणतात. साठ्यात हा कोन तेलाच्या सान्निध्यात, पाण्याच्या बाजूने मोजतात. तो सुमारे ७५ अंशांहून कमी असल्यास खडक जलार्द्र, १०५ अंशांहून अधिक असल्यास तैलार्द्र आणि या दोहोंच्या दरम्यान असल्यास मध्यम आर्द्रतेचा मानतात.

कोन ९० अंशांहून कमी असेल तर केशाकर्षणाने पाणी आपणहून छिद्रांत शिरते आणि तेलाला बाहेर काढते. कोन त्याहून मोठा असेल तर हाच दाब उलटा होतो व पाण्याला अडवतो. तेल व पाणी यांच्यातील पृष्ठताण मीटरला ३० मिलिन्यूटन आणि छिद्राची त्रिज्या १ मायक्रोमीटर धरल्यास हा दाब सुमारे ०.६ वातावरण एवढा भरतो. विहिरीतील दाबाच्या तुलनेत हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण तो प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी असतो.

मुंबई हायचा चुनखडक

खारबाव, भिवंडी, वसई या पट्ट्यातील डोंगर दख्खनच्या लाव्हापासून झालेल्या काळ्या पाषाणाचे आहेत. त्यांत तेल नाही. मात्र याच किनाऱ्यापासून सुमारे १६० किमी. पश्चिमेस, समुद्रतळाखाली, लाव्हानंतरच्या काळात साचलेल्या चुनखडकात देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या वेधनमंचाने १९७४ मध्ये येथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. क्षेत्राचे मूळ नाव 'बॉम्बे हाय'. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने १९८४ पासून येथे प्रक्रिया केलेले समुद्राचे पाणी साठ्यात सोडण्यास सुरुवात केली.

चुनखडक तेलाला धरून ठेवण्यात कुख्यात आहे. त्यातील कॅल्साइटच्या पृष्ठभागावर साठ्यातील परिस्थितीत बहुधा धन विद्युत्‌भार असतो, तर कच्च्या तेलातील सेंद्रिय आम्लांवर ऋण भार. ही आम्ले लक्षावधी वर्षांत पृष्ठभागाला चिकटतात व खडक तैलार्द्र होतो. वालुकाश्मात असे तुलनेने कमी घडते. त्यातच मुंबई हायचा मुख्य साठा अनेक थरांचा असून सर्व थरांतून द्रव सारखा वाहत नाही. सोडलेले पाणी सोप्या वाटेने उत्पादक विहिरीकडे निघून जाते आणि घट्ट भागातील तेल तसेच राहते. तो भाग जलार्द्र झाला तर पाणी त्यात स्वतः शिरेल, हीच या पद्धतीमागची अपेक्षा.

उत्तर समुद्रातील एकोफिस्क या खडूसदृश चुनखडकाच्या क्षेत्रात १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचे पाणी सोडले गेले व त्याचा परिणाम उत्तम झाला. पाण्यातील सल्फेट, कॅल्शियम व मॅग्नेशियम हे आयन पृष्ठभागावरील आम्ले सुटी करण्यास मदत करतात, असे पुढील संशोधनातून दिसले. म्हणजे आर्द्रणीयता बदलण्यासाठी नॅनोकणच हवेत असे नाही.

नॅनोकणांचे कार्य

सर्वाधिक वापर सिलिकाच्या कणांचा होतो. ते स्वस्त असून पाण्याशी त्यांची जवळीक असते. १० नॅनोमीटर व्यासाच्या एक ग्रॅम सिलिका कणांचे एकूण पृष्ठफळ सुमारे २७० चौ. मी. भरते, त्यामुळे वजनाने ०.०१ ते ०.५ टक्के एवढे अल्प प्रमाणही पुरते.

कार्य दोन प्रकारे घडते. एक, ऋणभारित सिलिका कण धनभारित कॅल्साइटवर बसून पाणी ओढणारा थर तयार करतात. दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. तेलाचा थेंब खडकाला टेकतो तेथे पाण्याची पाचरीसारखी निमुळती फट असते. तिच्यात कण रांगेने रचले जातात आणि तेलाला खडकापासून उचलणारा दाब निर्माण होतो. वसन व निकोलोव्ह यांनी २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे प्रयोगाने दाखवले.

वायूच्या विहिरींत उद्देश नेमका उलटा असतो. विहिरीजवळ दाब घटल्यावर वायूतून द्रव सुटतो आणि वायूची वाट अडवतो. तेथे फ्लोरिनयुक्त लेप दिलेले कण वापरून खडकाला पाणी व तेल दोन्ही न चिकटतील असे करण्याचे प्रयोग झाले आहेत.

अडचणी

कण पाण्यात सुटे राहणे ही मुख्य अट आहे. क्षार, विशेषतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे सिलिकाचे कण एकत्र येऊन गुठळ्या होतात, आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात ही प्रक्रिया वेगाने होते. समुद्रातील मंचावर गोडे पाणी आणणे खर्चिक असल्याने कणांवर बहुवारिकाचा लेप देण्याचा मार्ग अभ्यासला जातो.

गुठळ्या झाल्या की छिद्रांची तोंडे बुजतात व खडकाची पार्यता घटते; उपायच अपाय ठरतो. शिवाय जो कण कॅल्साइटला सहज चिकटतो तो विहिरीलगतच अडकतो आणि दूरच्या तेलापर्यंत पोहोचत नाही. प्रयोगशाळेतील काही सेंटिमीटर लांबीच्या नमुन्यात ही उणीव लक्षात येत नाही. विहिरींमधील शेकडो मीटरच्या अंतरात ती निर्णायक ठरते. उत्पादित पाण्याबरोबर परत येणारे कण समुद्रात सोडण्यापूर्वी वेगळे करणे हेही खर्चाचे काम आहे.