उतारू : एका शब्दाची कुळकथा

नव्या मार्गावर किती वर्दळ होईल, हे आधी वर्तवण्याच्या शास्त्राचे मूळ १९५०च्या दशकातील शिकागोच्या पाहणीत सांगितले जाते. एकूण प्रवास किती, कोठून कोठे, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या रस्त्याने, हा क्रम तिथे रूढ झाला. ठाण्याच्या खाडीवर मात्र या शास्त्राची खरी अडचण एका जुन्या मराठी शब्दात दडलेली आहे.

उतारू म्हणजे गाडीतून उतरणारा, असे सहज वाटते. पण फलाटावर गाडीची वाट पाहणाराही उतारूच. शिवाय शब्द थेट ‘उतरणे’पासून घडला असता, तर मधला ‘त’ ‘ता’ होण्याचे कारण नव्हते. तो ‘उतार’ या नामापासूनच आला असावा. नदी ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार. संस्कृतातील ‘उत्तार’ म्हणजे पार जाणे. होडीची ‘तर’ त्याच धातूची. म्हणजे उतारू हा पैलतीरी जाणारा. उतार म्हणजे ढाळही, म्हणून घाट उतरणारा तो उतारू, हा प्रतिपक्ष कमजोर नाही. तरीही तरीवरून बोटीत आणि बोटीतून गाडीत, हा शब्दाचा प्रवास अधिक सरळ दिसतो.

ठाण्याची ही खाडी एकेकाळी सरहद्द होती. १७८२च्या सालबाईच्या तहाने खाडीच्या एका बाजूची साष्टी ईस्ट इंडिया कंपनीकडे राहिली, दुसऱ्या बाजूचे कल्याण पेशव्यांकडे. १८१७मध्ये तेही कंपनीकडे गेले. ७ मे १८४५च्या पत्रात कंपनीच्या संचालकांनी लिहिले, की हिंदुस्थानातील लोक गरीब आणि विखुरलेले. म्हणून रेल्वेचे उत्पन्न तूर्त मुख्यतः मालावरच मिळेल. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली, आणि तिसऱ्या वर्गाचे डबे भरू लागले. माल गोणीवर मोजता येई. पलीकडे जाण्याची माणसांची इच्छा कोणत्याच वहीत नव्हती. भाषेत मात्र तिचे नाव तयार होते.

मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा मार्ग याच खाडीखालून सुमारे ७ किलोमीटर जातो आणि पुढे राज्याची सीमा ओलांडतो. विमान, रेल्वे आणि रस्ता सोडून येणारे प्रवासी पाहणीतून मोजता येतात. मार्ग झाल्यामुळेच प्रथम निघणाऱ्यांचा अंदाज सर्वांत अवघड. १८४५मध्ये हिशेब चुकला तो याच उतारूंचा.