रत्नागिरीची पाखरं आणि पुस्तकातली चित्रं

दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी 1880 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. ती करणारा जी. डब्ल्यू. विडाल हा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी. संपादक होता ॲलन ह्यूम, पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा.

त्या काळी पक्षी ओळखायचा तो मारून. बंदुकीने पाडलेला पक्षी हातात घ्यायचा, चोच, पंख, पायाची नळी मोजायची आणि जर्डनच्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’तल्या वर्णनाशी ताडून बघायचं. पद्धत क्रूर होती. पण हातातला पक्षी उडून जात नव्हता.

1934 मध्ये अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसनने लांबून दिसणाऱ्या खुणांवर बेतलेलं पुस्तक काढलं. आपल्याकडे 1941 साली सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं आणि बंदुकीशिवाय पक्षी ओळखणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. हा फार मोठा बदल होता. अडचणीही त्याच्यासोबतच आल्या.

काकण, म्हणजे समुद्रगरुड, हेच उदाहरण घ्या. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावर त्याच्या घरट्यांचं सर्वेक्षण केलं आहे. चित्रात दिसतो तो पांढऱ्या पोटाचा, राखाडी पाठीचा प्रौढ पक्षी. पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि प्रौढाचा रंग यायला काही वर्षं जातात. तोवर नवखा माणूस पुस्तकात भलत्याच गरुडाचं पान उघडून बसतो.

खाडीतला समुद्री बगळा काळपट असतो, तसा पांढराही असतो. पांढरा असला की लहान बगळ्यापासून तो वेगळा काढायचा तो जाड, फिकट चोचीवरून, तेही उन्हाने चकाकणाऱ्या पाण्यावर.

किनाऱ्यावरचे चिखले तर जाणत्यांनाही दमवतात. हिवाळाभर ते राखी-तपकिरी असतात. तांबूस रंग चढतो तो परतीच्या सुमारास. त्यातल्या ‘लेसर सँड प्लोव्हर’च्या अलीकडे तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन जाती मानल्या गेल्या, त्यामुळे कपाटातली जुनी पुस्तकं एका रात्रीत अपुरी पडली.

हा दोष पुस्तकांचा नाही. पानावर पक्ष्याचं एखाददुसरं रूप मावतं. वय, ऋतू, उजेड मावत नाही. म्हणून किनाऱ्यावर फिरणाऱ्यांनी वहीत आधी तारीख, भरती-ओहोटी, चोचीचा आकार आणि आवाज टिपावा. नावाची खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये.