शरणपूरची आफ्रिकन लेकरे

नर्मदा-तापीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांचा इतिहास बहुधा वंशावळीपासून सुरू होतो. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणत्या पूर्वजाने कोणत्या निमित्ताने गाव सोडले, याची नोंद घरोघरी जपलेली असते. इच्छापूरच्या टेकडीवर इच्छादेवीचा नवस फेडायला येणारी मंडळी आपल्या कुळाचे नाव सांगूनच ओटी भरतात. स्थलांतरिताला गाव सोडता येते, नाव सोडता येत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. ज्यांचे गाव तर सुटलेच, पण नावही काढून घेतले गेले, अशा काही मुलांची हकीकत प्रस्तुत लेखात आम्ही मांडणार आहोत. ही मुले आफ्रिकेतील होती आणि ती वाढली मराठी मुलखात, नाशिकला.

आफ्रिकेचा आणि आपल्या परिसराचा संबंध वाचकांना नवा वाटण्याचे कारण नाही. इ. स. १५४८ च्या सुमारास इथियोपियात जन्मलेला एक मुलगा लहानपणीच विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला. तोच मलिक अंबर. मोगलांच्या दक्षिण सुभ्याचे ठाणे असलेल्या आपल्या बऱ्हाणपुराला १६२० साली त्याच्याच फौजांनी वेढा घातला होता. १६२६ साली तो वारला तेव्हा दख्खनच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के झाले होते. गुलाम म्हणून आलेल्या मुलाला तलवारीच्या जोरावर नाव मिळवता येण्याचा तो काळ होता. अडीचशे वर्षांनी जी मुले आली त्यांच्या हाती तलवार नव्हती. त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल आणि सुताराचा रंधा देण्यात आला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात होता. आजच्या मलावी, मोझांबिक व टांझानियाच्या अंतर्भागातून धरून आणलेली माणसे झांजिबारच्या बाजारात विकली जात आणि गलबतांतून अरबस्तान व इराणी आखाताकडे रवाना होत. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा असे. ब्रिटिश आरमाराची जहाजे समुद्रात पहारा करीत आणि अशी गलबते पकडीत. पण सुटका झालेल्या मुलांना ठेवायचे कोठे? त्यांना परत किनाऱ्यावर उतरवावे, तर ती पुन्हा दलालांच्या तावडीत सापडणार. गाव कोठे आहे हे त्यांना सांगता येईना, आणि सांगितले तरी तेथवर पोहोचवणारा कोणी नव्हता. म्हणून ती एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबई येथे उतरवली जात. मुंबईत सरकार त्यांना मिशनच्या संस्थांकडे किंवा कुटुंबांकडे सोपवी.

मुंबईत ह्या मुलांकडे लक्ष देणाऱ्यांत चर्च मिशनरी सोसायटीचे कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हे जर्मन पाद्री होते. ते पूर्वी इथियोपियात राहिले होते, त्यांनी अम्हारिक भाषेचे व्याकरण व कोश रचले होते. त्याच सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५ च्या सुमारास नाशिकजवळ एक ख्रिस्ती वसाहत उभी केली होती. जेथे शरण मिळते ते पूर, म्हणून शरणपूर असे तिचे नाव ठेवले. धर्मांतरामुळे घराबाहेर पडलेली कुटुंबे, अनाथ मुले आणि कारागीर तेथे एकत्र राहत. १८६० च्या सुमारास मुंबईच्या आफ्रिकन मुलांचा आश्रम याच शरणपुरात हलवण्यात आला. आजही नाशिकला शरणपूर रोड म्हटले की रिक्षावाला बिनचूक पोहोचवतो. त्या नावाशी आफ्रिकेचे नाते आहे हे मात्र त्याच्या गावी नसते.

आश्रमाची दिनचर्या त्या काळच्या मिशन शाळांसारखीच होती. प्रार्थना, वाचन-लेखन, हिशेब, आणि त्याबरोबर सुतारकी व लोहारकीसारखा एखादा धंदा. वर्गात इंग्रजी चाले, आणि भोवतालच्या वस्तीत कानावर मराठी व हिंदुस्थानी पडे. निरनिराळ्या जमातींची, निरनिराळ्या बोली बोलणारी ही मुले एकमेकांशी बोलू लागली ती आपल्या देशातील भाषांतून, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नवी नावे मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. पहिल्या दोन नावांत ज्या पाद्र्यांच्या छायेत मुले वाढली त्यांची आडनावे सहज ओळखू येतात. मॅथ्यू वेलिंग्टनचे जन्मनाव चेंगविम्बे होते, ते आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तो दीर्घायुषी ठरला आणि आपली कथा सांगू शकला. इतर बहुतेकांची जन्मनावे हरपली. नाव देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलाचे आईबाप, गाव आणि भाषा ही सारी आधीच गेली होती, त्याच्याजवळ उरलेली एवढीच खूण त्या नव्या नावाखाली झाकली गेली.

याच शरणपुरात १८६५ साली डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आले. आफ्रिकेच्या अंतर्भागातील अखेरच्या प्रवासासाठी त्यांना सोबती हवे होते. आश्रमातील नऊ तरुण स्वखुशीने तयार झाले. जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून निघालेल्या त्या तुकडीत हे नऊ 'नाशिकचे पोर', मुंबईच्या सागरी पलटणीतील तेरा शिपाई आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत ठेवलेले चुमा व विकतानी हे दोन याओ तरुण होते. प्रवास फार खडतर झाला. शिपायांना परत पाठवावे लागले, आणि नाशिकच्या मुलांविषयीही लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या रोजनिशीत पुष्कळ तक्रारी नोंदवल्या आहेत. एकजण वाटेत आजाराने गेला, एकाचा खून झाला, काही मागे राहिले. विकतानीला त्याच वर्षी वाटेत आपले नातलग भेटले आणि तो तेथेच थांबला. मुंबईच्या शाळेतून निघालेल्या एका मुलाला खरोखरच घर सापडले होते. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. नऊजणांपैकी एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत लिव्हिंग्स्टन यांच्याजवळ होता.

१८७२ साली नाशिकची आणखी एक तुकडी त्यांना येऊन मिळाली. तीत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व कॅरस फरार हे होते. पुढे वर्षभरातच, १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबो येथे लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. त्यानंतर जे घडले ते कोणाच्या हुकमावरून घडले नाही. सोबत्यांनी मिळून ठरवले की देह किनाऱ्यावर न्यायचा. हृदय झाडाखाली पुरले, त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. तीन सोबत्यांची नावे त्याने त्या खोडावर कोरली, आपले कोरले नाही. उन्हात वाळवलेला देह कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत, ही मंडळी फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला पोहोचली. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरावा असा सल्ला दिला होता. तो त्यांनी मानला नाही.

मिशन सोसायटीने भाड्याचे पैसे दिल्याने जेकब वेनराइट शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्ययात्रेत शवपेटीला सन्मानाने साथ देणाऱ्यांत तो एकटाच आफ्रिकन होता. त्या महिन्यांतील घटनांची रोजनिशी त्याने स्वतः लिहून ठेवली होती, हे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. इतर सोबत्यांच्या आठवणी दुसऱ्यांनी विचारून लिहिल्या. जेकबने आपल्या अक्षरात लिहिले, आणि ते अक्षर शरणपुरात वळण घेतलेले होते. त्याचा जर्मन अनुवाद १८७४ सालीच प्रसिद्ध झाला. मूळ लेखन सर्वांना वाचायला मिळण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. जेकब पुढे आफ्रिकेत परतला आणि १८९२ साली टांझानियातील उरांबो येथे वारला.

दरम्यान शरणपूरच्या आश्रमाचे दिवस भरत आले होते. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ साली झांजिबारला गेले. त्याच वर्षी ५ जून रोजी सुलतान बर्घश यांनी गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. मुक्त गुलामांची वसाहत आफ्रिकेतच असावी, तेथे नाशिकला शिकलेले लोक शिक्षक व कारागीर म्हणून उपयोगी पडतील, असा विचार पुढे आला. हे काम प्राइस यांच्यावरच सोपवण्यात आले. १८७४-७५ मध्ये त्यांनी मोंबासाजवळ जागा घेऊन वसाहत उभारली, तिला फ्रिअरटाउन नाव दिले, आणि दीडशेच्या आसपास नाशिककर आफ्रिकन तेथे नेले. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम त्यानंतर बंद झाला. नाशिकच्या काही जणांनी हा रस्ता आधीच धरला होता. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे १८६४ सालीच सपत्नीक मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनवर रुजू झाले होते.

तेथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' हे नाव पडले. मुंबई इलाख्यात ते आफ्रिकन होते, आफ्रिकेत मुंबईकर झाले. त्यांचे बोलणे, कपडे, राहणी, सारे स्थानिकांहून वेगळे. शिकलेले असल्याने त्यांना मान हवा होता, आणि मिशनच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना ते ताठर वाटत. पगार व अधिकार यांवरून वारंवार कुरबुरी झाल्या. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले पुण्याला 'हिंदीकडची' आणि गावी 'मराठी' ठरतात, त्यांना ह्या दुहेरी परकेपणाचा अंदाज सहज यावा. अर्थात आपले परकेपण सौम्य आहे. आपल्याला परतायला घर आहे.

तरीही त्यांनी केलेले काम लहान नाही. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेमलर यांना डीकन म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन यांचा युगांडाच्या वाटेवर खून झाला, तेव्हा वाचलेल्या माणसांना किनाऱ्यापर्यंत सुखरूप आणले ते विल्यम जोन्सने. रबाई येथे त्याच्या कारकिर्दीत मालकांकडून पळालेले शेकडो गुलाम आश्रयाला राहिले. मालकांनी ओरड केली तेव्हा प्रकरण चिघळले, आणि अखेरीस मोबदला देऊन १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेच्या आसपास लोकांना मुक्तीचे दाखले मिळाले. शरण आलेल्याला हाकलायचे नाही, हा धडा जोन्स कोठे शिकला असेल हे गावाच्या नावातच आहे. फ्रिअरटाउनच्या घंटेचा मनोरा मोंबासात अद्याप उभा आहे. मॅथ्यू वेलिंग्टन त्या शहरात १९३५ सालापर्यंत जगला.

या साऱ्याचा हिशेब कसा मांडावा? मिशनने ह्या मुलांना अन्न, निवारा, अक्षर आणि हातात कसब दिले. ते दिले नसते तर त्यांचे काय झाले असते याची कल्पनाही नकोशी वाटते. हे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच मिशनला आफ्रिकेत शिक्षक हवे होते, आणि मुले त्या गरजेच्या मापाने घडवली गेली. फ्रिअरटाउनची योजना बड्या अधिकाऱ्यांनी आखली. जिच्यासाठी ती आखली, ती शरणपूरची वस्ती तोवर कित्येकांचे एकमेव घर झाली होती. उपकार आणि हुकूम यांतील सीमा येथे पुसट होते. दोन्ही बाजू एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवणे हेच इतिहासलेखकाचे काम आहे, असे आम्ही मानतो.

हा प्रश्न आपल्या प्रांतालाही परका नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील कितीतरी निराधार मुली व विधवा महाराष्ट्रात नेऊन वाचवल्या. त्या मुली कोणाच्या होत्या, त्यांची माघारी राहिलेली घरे कोणती, हे आपल्याकडच्या कुळवृत्तांतांत शोधू गेल्यास काय हाती लागते? वंशावळीत दुष्काळाच्या वर्षानंतर एखादे नाव नुसतेच थांबलेले दिसते. ना मृत्यूची तिथी, ना लग्नाची नोंद. अशा थांबलेल्या नावांकडे आजवर आपण मृत म्हणून पाहत आलो. त्यांतील एखादे दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने, पुढे जगले असण्याचा संभव आहे.

बऱ्हाणपूरहून गाडीत बसले की भुसावळ, मनमाड ओलांडून काही तासांत नाशिक येते. आपल्यापैकी अनेकजण त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीसाठी जातात, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या पाहतात आणि भरून पावतात. त्याच गावात ज्यांची कोणतीही वही कोणी राखली नाही अशी दीडशे माणसे एके काळी राहून गेली. चेंगविम्बे हे नाव आपण आपल्या वाचनात ठेवावे आणि आपापल्या घरच्या जुन्या कागदांत थांबलेली नावे एकदा पुन्हा तपासावीत, एवढीच वाचकांना आमची विनंती आहे.